आधी गाडीखाली झोपून बघा, रंग नंतर

पत्र थोडक्यात असं आहे. एक ताई पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं काम करतात, त्यासाठी महिन्यातून चार-पाच वेळा डोंगरातल्या कच्च्या वाटेनं वर जावं लागतं, वाटेत दोन ओढे आहेत आणि शेवटचा चढ नुसता दगडगोट्यांचा. आत्तापर्यंत साधी गाडी खाली लावून उरलेलं अंतर सामान पाठीवर घेऊन चालत जायच्या. आता जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी, घ्यायची ठरवलीय आणि दोन गाड्या समोर आहेत, एकाच मॉडेलच्या, दोन्ही २५ वर्षांच्या आसपासच्या. पहिली नुकतीच रंगवलेली, उंच केलेली, मोठाले टायर, पुढे विंच (फसलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), वर लाइटची पट्टी, मीटरवर किलोमीटर कमी. दुसरी कंपनीतून आली तशीच उंचीला, रंग उडालेला, दोन ठिकाणी पोचे, ड्रायव्हरची सीट फाटलेली, पण मालकाकडे केलेल्या कामांची वही आहे आणि तो पहिल्यापेक्षा थोडे जास्तच पैसे मागतोय. दीर म्हणतात या गाड्या म्हणजे रणगाडा, काही होत नाही त्यांना, छान दिसतेय ती घे. नवरा म्हणतो जुन्या गाडीच्या भानगडीतच पडू नको. ताई विचारतात, "मला इंजिनातलं फारसं कळत नाही. पहिली गाडी मालकाने जिवापाड सांभाळलेली दिसते, दुसरीची हेळसांड झालेली दिसते. मी पहिलीच घ्यावी ना? आणि घेण्याआधी काय काय बघू?"

ताई,

तुमच्या पत्रातल्या "सांभाळलेली दिसते" या शब्दांपाशी मी थांबलो, कारण बाकीचा सगळा निर्णय तुम्ही त्यावर उभा केलाय. हे तुम्ही कशावरून ठरवलंत? रंगावरून आणि सीटवरून. पण या जातीच्या बहुतेक जुन्या गाड्यांमध्ये वरची बॉडी आणि खालचा सांगाडा या दोन वेगळ्या वस्तू असतात, अक्षरशः वेगळ्या, बोल्ट सोडवले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. खाली शिडीसारखी चेसिस असते, दोन लांब दांडे आणि मध्ये आडव्या पट्ट्या, आणि इंजिन, ॲक्सल (चाकं ज्यावर बसतात ते आडवे दांडे), पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग), स्टेअरिंग बॉक्स सगळं त्या शिडीला धरलेलं असतं. वरच्या पत्र्याला पोचा आला तर दिसायला वाईट दिसतं, बस्स. चेसिस सडली तर गाडी संपली.

जुन्या लँड रोव्हरचं बघा ना. ती १९४८ साली आली तेव्हा युद्धानंतर ब्रिटनमध्ये स्टीलचं रेशनिंग होतं, म्हणून बॉडीला ॲल्युमिनियमचं मिश्रण वापरलं, चेसिस मात्र स्टीलचीच. त्यामुळे आजही अशा गाड्या मिळतात की वरून बघितलं तर ठणठणीत आणि खाली चेसिसचे हाताने पापुद्रे निघतात. तुम्ही बघताय त्या मॉडेलची बॉडी स्टीलची असेल तरी मुद्दा तोच, वरून खालचं काहीच कळत नाही आणि नवा रंग असेल तर वरचंसुद्धा कळत नाही.

आणि दिरांचं रणगाड्याचं म्हणणं, ते अर्धं खरं आहे. या गाड्या दणकट बनवलेल्या असतात हे अगदी खरं, पण म्हणूनच लोक त्यांना दणकट वापरतात, चिखलात, पाण्यात, दगडांवर, ओव्हरलोड करून, आणि साधी गाडी जिथे कुरकुर करून बंद पडेल तिथे ही बिचारी मुकाट्याने चालत राहते. म्हणजे चालतेय याचा अर्थ चांगली आहे असा होत नाही. आत डिफमध्ये (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) पाणी गेलेलं असतं, बेअरिंग खाल्लेलं असतं आणि गाडी तरी चालत असते, आणि मग तुमच्या हातात आल्यावर दुसऱ्या महिन्यात सगळं एकदम बाहेर येतं.

आता बघायचं कसं ते सांगतो. तुम्हाला इंजिनातलं कळत नाही म्हणता, पण यातलं निम्मं बघायला मेकॅनिक असावं लागत नाही, टॉर्च, जुने कपडे, एक हलकी हातोडी, एक स्क्रू ड्रायव्हर, एक लोहचुंबक आणि घाई नसलेले दोन-तीन तास लागतात. जाण्याआधी मालकाला सांगून ठेवा की गाडी धुऊ नका आणि मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. धुतली की चिखलाच्या आणि ओघळांच्या खुणा निघून जातात, आणि स्टार्ट न करण्याचं कारण पुढे येईल.

सगळ्यात आधी खाली झोपा. गाडी सपाट आणि घट्ट जागेवर उभी पाहिजे, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. आणि फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही जायचं नाही, खाली स्टँड लावलेच पाहिजेत. सुदैवाने या गाड्या उंच असतात, बहुतेक वेळा न उचलताच खाली सरकता येतं.

चेसिसचे दांडे आतून पोकळ असतात. गाडी चिखलात गेली की चिखल आत जातो, पाणी निघून जायला ठेवलेली भोकं त्याच चिखलाने बुजतात आणि मग ओल आत कोंडून राहते, वर्षानुवर्षं. म्हणून चेसिस आतून बाहेर सडते. बाहेर जेव्हा भोक दिसतं तेव्हा आतलं काम कधीच झालेलं असतं. हातोडीने दांड्यावर हलकं हलकं ठोकत जा, पुढून मागे. चांगला धातू टणटण वाजतो, सडलेला भद्द वाजतो, आणि हा फरक कोणालाही ऐकू येतो, त्यासाठी शिकावं लागत नाही. जास्त वेळ कुठे घालवायचा तर जिथे पाट्यांचे किंवा स्प्रिंगचे हँगर चेसिसला वेल्ड केलेत तिथे, शॉकॲब्सॉर्बरच्या पकडीपाशी, बॉडी जिथे चेसिसवर टेकते त्या रबरांपाशी, स्टेअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसवलाय तिथे, आणि सगळ्यात मागची आडवी पट्टी. मागच्या चाकांचा सगळा चिखल त्या पट्टीवर येऊन बसतो त्यामुळे ती लवकर जाते. संशय आला तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. मालक नको म्हणाला तर ते उत्तरच आहे.

गंज दिसला म्हणजे लगेच पळून जायचं असं नाही हां. वरवरचा तांबूस गंज २५ वर्षांच्या गाडीवर असणारच, तो घासला की खाली धातू लागतो. भीती पापुद्र्यांची, फुगवट्याची आणि ठिगळांची. ठिगळ म्हणजे दांड्यावर वरून पट्टी ठेवून वेल्ड केलेली. नीट केलेली दुरुस्ती पण असते, पण कोणी केली, कधी केली आणि सडलेला भाग कापून काढला की नुसता झाकला, हे विचारायचंच.

आणि पहिल्या गाडीबद्दल मला खरी काळजी इथे आहे. खाली बघितल्यावर सगळं काळंभोर, जाड, एकसारखं कोटिंग मारलेलं दिसलं आणि ते ताजं असलं तर समजा की तुम्हाला काहीच बघायला मिळालेलं नाही. मी स्वतः अशी एक गाडी घेतली होती बरीच वर्षं झाली. खालून नवीन दिसत होती, मी खूश झालो होतो. काही महिन्यांनी एका साध्या खड्ड्यातून अगदी हळू जात असताना मागच्या पाट्याचा हँगर चेसिसमधून उपटून बाहेर आला. वेग नव्हता म्हणून कोणाला लागलं नाही, पण सोबत माझी दोन्ही मुलं होती आणि तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. कोटिंग खरवडल्यावर खाली पुट्टी निघाली. चेसिसवर पुट्टी! म्हणून मी चेसिसबद्दल इतकं लांबलचक लिहितोय. पुट्टीचा संशय असेल तर चुंबक लावून बघा, स्टीलवर घट्ट चिकटतो, खाली पुट्टी असेल तर घसरतो किंवा लागतच नाही.

काही ऑफ-रोड गाड्यांना वेगळी चेसिस नसते, १९७७ पासूनची लाडा निवा किंवा १९८४ च्या मॉडेलपासूनची जीप चेरोकी अशा. तसलं मॉडेल कोणी बघत असेल तर त्यांनी दाराखालचे उंबऱ्यासारखे पत्रे, पायाखालचं फ्लोअर आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलंय ते भाग तितक्याच बारकाईने बघायचे, कारण तिथे बॉडी हीच चेसिस.

आता पाणी. तुमच्या वाटेवर दोन ओढे आहेत म्हणजे तुम्हीही पाण्यातून जाणार, पण आधीचा मालक किती खोल गेला होता हे कळणं महत्त्वाचं आहे आणि ते तो सांगेलच असं नाही. गाडी सांगते. सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढा, अगदी शेवटपर्यंत, आत गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ असेल तर पाणी तिथपर्यंत आलं होतं. कार्पेट उचला, सीटच्या खालच्या रुळांवर गंज बघा, हेडलाइटच्या आत तळाला गाळ साचलाय का बघा, डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगवर सुकलेला चिखल लागतो का बघा. मग एअर फिल्टरचा डबा उघडा. त्यात मातीची ओळ किंवा पाण्याचे डाग दिसले तर फार सावध व्हा, कारण इंजिनाने पाणी ओढलं तर पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि थोडासाच वाकला तर इंजिन सुरूही होतं, चालतंही, फक्त एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, कमी येतं. अशा वेळी कॉम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ॲक्सलची गोष्ट वेगळी आहे आणि ती फार कमी लोक बघतात. प्रत्येक ॲक्सलवर हवा जायला-यायला एक छोटा ब्रीदर असतो. गाडी चालून डिफ तापलेला असतो, तसाच थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती ओढ ऑइल सीलवर येते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. मग ते पाणी ऑइलमध्ये घुसळून दुधाळ होतं, चहात दूध घातल्यासारखं. म्हणून दोन्ही डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा) या चारही ठिकाणचा ऑइल भरायचा बोल्ट उघडायला सांगा, वरचा, भरायचा, खालचा सोडायचा नाही. आत बोट किंवा वाकवलेली तार घालून ऑइल बघा. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. काळं असेल तर जुनं आहे, इतकं काही नाही. चुंबक असलेल्या बोल्टवर बारीक राखाडी पेस्ट असते, ती नेहमीची झीज. पण कणी लागली, चकचकीत तुकडा लागला तर क्राऊन-पिनियन (डिफमधले मुख्य गिअर) किंवा बेअरिंग चाललंय. आणि भरायचा बोल्टच निघत नसेल, कडा गोल झाल्या असतील, तर तिथे कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नाही, मग रंग कितीही चमकू दे.

पुढच्या ॲक्सलला चाकामागे मोठा गुळगुळीत धातूचा गोळा दिसतो काही मॉडेलमध्ये, जुन्या लँड क्रूझर, जुन्या सुझुकी, लँड रोव्हर यांना असतो. तो गोळा स्वच्छ आणि किंचित तेलकट हवा. खड्डे पडले असतील तर सील टिकत नाही, आणि खाली पातळ काळं ओघळलेलं असेल तर ॲक्सलच्या आतलं सील गेलंय, डिफचं ऑइल तिकडच्या ग्रीसमध्ये मिसळतंय. दुरुस्त होणारं काम आहे पण चिकट आणि वेळखाऊ, भाव करताना मोजायचं.

यानंतर चाकं. पुढची बाजू उचलून स्टँडवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून हलवा. वर-खाली खडखडलं तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (ज्यावर चाक वळतं तो खिळा), डावी-उजवीकडे खडखडलं तर बहुतेक स्टेअरिंगच्या टाय रॉडचे एंड. कोणीतरी स्टेअरिंग थोडं थोडं इकडे-तिकडे हलवायचं आणि तुम्ही खालून बघायचं, प्ले, म्हणजे ढिलेपणा, नक्की कुठे आहे ते डोळ्याला दिसतं, आणि स्टेअरिंग बॉक्स चेसिसवर जागचा हलतोय का ते पण दिसतं. तो हलत असेल तर चेसिसला तिथे तडा असू शकतो.

आता गाडी स्टार्ट करायची, थंडच. मी आधी म्हटलं ना स्टार्ट करू देऊ नका, त्याचं कारण जुन्या इंजिनाचे सगळे आजार पहिल्या दोन मिनिटांत दिसतात आणि गरम झाल्यावर लपतात. बॉनेटला हात लावून बघा, कोमट असेल तर चहा प्यायला जा आणि दोन-तीन तासांनी परत या, खरंच या. स्टार्ट करायच्या आधी, थंड असतानाच, रेडिएटरचं झाकण उघडून आत तेलाचा तवंग आहे का बघा, गरम असताना ते झाकण उघडायचं नाही, भाजतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय, काळा म्हणजे डिझेल जास्त जळतंय किंवा हवा कमी मिळतेय, पांढरा थंडीत थोडा वेळ चालतो पण गरम झाल्यावरही राहिला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. चालू इंजिनचं ऑइल भरायचं झाकण सैल करून वर ठेवा, जुन्या डिझेलला थोडी वाफ येतेच, पण झाकण उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. रेडिएटरच्या जाळीत चिखल भरून दगड झालाय का तेही बघा, चढावर हळू जाताना हीच गाडी तापते.

चालवून बघताना बरेच जण डांबरी रस्त्यावर एक फेरी मारून येतात आणि म्हणतात छान आहे. तुम्ही ज्या गोष्टीसाठी ही गाडी घेताय तीच तपासली नाही मग! फोर बाय फोर कच्च्या जमिनीवरच तपासायची, आणि याला कारण आहे. बहुतेक जुन्या गाड्या पार्ट टाइम असतात, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफ नसतो. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, कच्च्यात ती थोडी घसरून जुळवून घेतात, डांबरावर घसरता येत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर आणि शाफ्टवर येतो. विकणारा कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून "बघा चालतंय" म्हणत असेल तर त्याला गाडी कळत नाही, आणि ती आजवर तशीच वापरली गेली असेल. रेंज रोव्हर १९७० पासून किंवा निवा, यांना मध्ये डिफ असतो, त्या कायम चारही चाकांवर चालतात, तिथे मधला लॉक लागतो आणि सुटतो का ते बघायचं.

तर कच्च्यात न्या. पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे हब लॉक हाताने फिरवायचे असतील तर दोन्ही फिरतात का बघा, अडकलेला एक हब म्हणजे पुढचा ॲक्सल फुकटच. फोर हाय, म्हणजे चारही चाकं नेहमीच्या गिअरवर, टाका, अगदी हळू स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल फिरा, स्टेअरिंग जड झालं आणि गाडी किंचित अडल्यासारखी वाटली तर पुढचा ॲक्सल खरंच लागलाय. काहीच फरक जाणवला नाही तर लिव्हर नुसताच हलतोय. त्याच वेळी काच खाली करून ऐका, पुढून टक टक टक आवाज आला तर पुढच्या चाकांना फिरवणारा सीव्ही जॉइंट. मग गाडी पूर्ण थांबवून लो, म्हणजे हळू पण जोरात ओढणारा गिअर, टाका. कुठल्याही चढावर पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देता चढू द्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तसंच लोमध्ये उतरू द्या, ब्रेक न लावता, इंजिनवर. उतारावर लिव्हर उडून न्यूट्रलला आला तर ट्रान्सफर केस झिजलाय, आणि तुमच्या त्या दगडांच्या चढावरून उतरताना हे झालं तर इंजिनाचा आधार एका क्षणात सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. या एका गोष्टीवरून मी गाडी नाकारेन, किंवा ट्रान्सफर केस उघडायचा पूर्ण खर्च भावातून कमी करून घेईन.

पुढे-मागे, पुढे-मागे गिअर टाकून हळूच क्लच सोडा. धाड असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचे (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, किंवा डिफमधला प्ले. क्रॉस स्वस्तात होतात. डिफ नाही होत.

उंच केलेल्या गाडीचं काय, ते तुम्ही विचारलं नाहीत कारण तुम्हाला ती गोष्ट जमेची वाटतेय. तुमच्या कामाला उंची लागते का? खरंच विचारा स्वतःला. दोन ओढे आणि एक दगडांचा चढ यासाठी कंपनीच्या उंचीची, चांगले टायर घातलेली आणि लो गिअर नीट चालणारी गाडी बहुतेक वेळा पुरते. उंच केली की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात, ब्रेकचे होज ताणले जातात, पुढच्या चाकांचा कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल) बदलतो आणि गाडी सरळ जायला कुरकुरते, कधी कधी ठरावीक वेगाला पुढचा पूर्ण ॲक्सल थरथरतो इतका की स्टेअरिंग हातात राहत नाही. हे सगळं नीट हिशोब करून बसवलेलं असेल तर उत्तम चालतं, मी अशा गाड्या बघितल्यात, पण ते कोणी, कुठल्या पार्टने केलं याची बिलं पाहिजेत. नुसते ठोकळे घालून उचललेली गाडी नको.

मोठ्या टायरचं आणखी एक. मीटर चाकाचे फेरे मोजतो. मूळ टायर २८ इंच व्यासाचा असेल आणि आता ३१ इंचाचा घातला तर गाडी १०० किलोमीटर गेली की मीटर ९० च्या आसपासच दाखवतो, मीटर जुळवून घेतला नसेल तर. वेगही तसाच कमी दिसतो. म्हणजे पहिल्या गाडीचे कमी किलोमीटर तसेही विश्वासाचे नाहीत, आणि २५ वर्षांच्या ऑफ-रोड गाडीत मी किलोमीटरला फार किंमतच देत नाही, लोमध्ये चिखलात घालवलेला एक तास मीटरवर जेमतेम चार-पाच किलोमीटर दाखवतो आणि झीज भरपूर करतो. पेडलची रबरं, गिअरची मूठ, स्टेअरिंगची झिलई जास्त खरं बोलतात. टायर कितीही खोल नक्षीचे असोत, कडेवरचा चार आकडी कोड वाचा, २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. जुनं रबर कडक होतं आणि ओल्या दगडावर पकड धरत नाही. चारही टायर एकाच मापाचे हवेत, फोर बाय फोरमध्ये तर हवेतच.

विंच आणि लाइटची पट्टी दिसली की त्यांच्या वायरी बॅटरीपासून शेवटपर्यंत हाताने चाचपत जा. मध्ये फ्यूज नसेल, नुसती टेप गुंडाळलेली असेल, तर आग लागायला तेवढं पुरतं. गाडी ओढायचे हूक वाकलेत का, भोकं लांबट झालीत का, हेही बघून घ्या, गाडी किती वेळा फसली आणि किती जोरात ओढली गेली ते त्यावरून कळतं.

कागदांचं थोडक्यात. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून कागदांशी जुळवा, फोटो काढा. या गाड्यांमध्ये इंजिन बदललेलं असणं फार नेहमीचं आहे आणि ते कागदावर चढवलेलं नसणं त्याहून नेहमीचं. चेसिस नंबरच्या आजूबाजूला घासलेलं किंवा वेल्ड केलेलं दिसलं तर तिथूनच परत फिरा. उंची, टायर, विंच हे बदल आणि इतक्या जुन्या गाडीची नोंदणी तुमच्याकडच्या नियमात बसते का ते पैसे देण्याआधी विचारून घ्या. आणि पार्ट मिळतात का, दोन-तीन ठिकाणी फोन करून एखाद्या सीलची, क्रॉसची, ब्रेक सिलिंडरची चौकशी करा, उत्तरं कशी येतात त्यावरून पुढची वर्षं कशी जातील ते कळेल.

हे सगळं वाचून घाबरू नका. तुम्हाला प्रत्येक गोष्ट निकालात काढायची नाहीये, नोंदवायची आहे, आणि नोंदी ठेवायचं काम तुमच्याइतकं कोणाला जमणार. मग त्या नोंदी घेऊन अशा मेकॅनिककडे जा जो या गाड्यांवरच काम करतो आणि जो विकणाऱ्याच्या ओळखीचा नाही, त्याला पैसे देऊन अर्धा दिवस मागा. पैसे वाचवायची ही जागा नाही.

तुमचे मिस्टर भानगडीत पडू नको म्हणतात त्यावर तुम्ही चिडलेल्या वाटलात पत्रात. पण त्यांची भीती खोटी नाही, जुनी गाडी कितीही चांगली निघाली तरी पहिल्या वर्षात पैसे मागते. म्हणून माझं म्हणणं असं की जेवढी रक्कम तुम्ही गाडीसाठी बाजूला काढलीय तिचा साधारण एक तृतीयांश भाग गाडीत घालूच नका, पहिल्या वर्षासाठी ठेवा. घरी आणल्या आणल्या सगळी ऑइलं, फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंट, बेल्ट, होज बदला, ब्रीदर साफ करून त्यांना लांब पाइप जोडून वर बॉनेटखाली आणा, ओढ्यांचा प्रश्न बराचसा तिथे मिटतो. हा आकडा कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. आणि दुसरं, पहिले काही महिने तुमची साधी गाडी विकू नका, म्हणजे ही गॅरेजला असली तरी तुमचं काम अडणार नाही. मला वाटतं त्यांचा विरोध गाडीला कमी आणि तुम्ही एकट्या डोंगरात अडकाल याला जास्त आहे. विचारून बघा.

कुठली घ्यायची, तर माझा कल दुसरीकडे आहे. वही ठेवणारा माणूस, सीट शिवायची राहिली तरी चालेल पण गाडीचं काम राहू देत नसावा, आणि तो जास्त पैसे मागतोय कारण त्यात काय घातलंय हे त्याला माहीत आहे. पण कल आहे, निकाल नाही. तिची चेसिस भद्द वाजली तर तीही नको, वही कितीही जाड असू दे. पहिली घ्यायचीच असेल तर रंग मारण्याआधीचे फोटो मागा, खालचे. खरोखर मनापासून गाडी उभी केलेला माणूस असे फोटो शेकड्याने काढतो आणि न विचारता दाखवतो, अशा माणसाची असेल तर माझं मत बदलेल. फोटो नाहीत, कोटिंग ताजं आहे, हातोडी लावू देत नाही आणि दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय, एवढं जुळलं तर निघून या. आणि दोन्ही नाही पटल्या तर तिसरी बघा, अजून काही महिने सामान पाठीवर न्यावं लागेल, ते चुकीच्या चेसिसवर बसून त्या चढावर जाण्यापेक्षा बरं.

आज दुसऱ्या गाडीच्या मालकाला फोन करा आणि त्याला फक्त दोन गोष्टी विचारा, डिफ आणि ट्रान्सफर केसचं ऑइल वहीत शेवटचं कधी बदललेलं लिहिलंय, आणि लो गिअर शेवटचा कधी टाकला होता. लिव्हर वर्षानुवर्षं न हलवल्याने पण अडकतात. तारखा पटकन आल्या तर भेटायची वेळ सकाळची घ्या, गाडी थंड असताना.